रोमला उतरायचं, पॅरिसहून निघायचं: सांगलीच्या एका जोडप्याच्या तिकिटाचं प्रकरण

चुलतभावाचा फोन आला तेव्हा त्याने कार्डाचा नंबर भरून ठेवला होता, फक्त पैसे भरायचे बाकी होते. मुंबई–रोम–मुंबई, माणशी ५२ हजार रुपये. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात जाणं आणि दोन आठवड्यांनी परत. "ताई, असा दर पुन्हा दिसायचा नाही. एकदा नजर टाक आणि हो म्हण," तो म्हणाला. तिकीट त्याच्या आईवडिलांचं, म्हणजे माझ्या काका-काकूंचं. काका ६७ वर्षांचे, काकू ६३. दोघं सांगलीला राहतात. काकांचा उजवा गुडघा दुखरा आहे. युरोप पहिल्यांदाच बघणार होते आणि टूर कंपनीच्या बसमागे धावत बघायचा नाही, हे काकूंनी आधीच सांगून टाकलं होतं.

मी तिकिटिंगच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे घरात कुणी विमानाने निघालं की असा फोन मला येतोच. मी त्याला दराबद्दल काही विचारलं नाही. म्हटलं, "शेवटची रात्र कुठे आहे?" तो म्हणाला, "पॅरिसला." "आणि विमान?" तो थोडा थांबला आणि म्हणाला, "रोमहून."

त्याने बेत चांगला आखला होता. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मग आगगाडीने स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न, तिथून पॅरिस. नकाशावर खालून वर जाणारी जवळजवळ सरळ रेघ. फक्त रेघेच्या शेवटी, पुन्हा अगदी खाली रोमला यायचं, कारण तिकीट तिथून होतं. या परतीच्या दिवसाचा त्याने विचार केला नव्हता असं नाही. "पॅरिस–रोम दोन तासांचं विमान आहे, पाच हजारांत मिळतं," हे त्याचं उत्तर तयार होतं.

ते दोन तास मी त्याच्यासमोर उलगडून मांडले. स्वस्त विमानं पुष्कळदा पॅरिसच्या मुख्य विमानतळावरून सुटत नाहीत, बोव्हेहून सुटतात, आणि बोव्हे पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. रोमलाही ती बऱ्याचदा चाम्पिनो या वेगळ्या विमानतळावर उतरतात, आणि मुंबईचं विमान असतं फ्युमिचिनो विमानतळाहून. पाच हजारांच्या तिकिटात फक्त पाठीवरची पिशवी येते. मोठी बॅग घेतली की माणशी आणखी चार हजार. शिवाय हे तिकीट वेगळं, मुंबईचं वेगळं. पॅरिसचं विमान चार तास उशिरा सुटलं आणि रोमला मुंबईचं विमान हुकलं, तर दोन्हीपैकी कुठलीच कंपनी जबाबदारी घेत नाही. म्हणून आदल्या दिवशीच रोमला पोचायला हवं. आगगाडीने जायचं म्हटलं तर मध्ये गाडी बदलून सगळा दिवस जातो. काहीही केलं तरी चौदा दिवसांतला एक दिवस फक्त सुरुवातीच्या गावी परत येण्यात जाणार, आणि तोही शेवटचा, जेव्हा बॅगा सर्वांत जड असतात आणि माणसं सर्वांत थकलेली.

पैशाचा हिशोबही आम्ही कागदावर केला. दोघांचं पॅरिस–रोम विमान बॅगांसकट १८ हजार. रोमच्या दोन विमानतळांमधली आणि हॉटेलची ने-आण तीन हजार. हॉटेलची रात्र मी धरली नाही, कारण पॅरिसची एक रात्र कमी होऊन तीच रोमला जाते. एकूण २१ हजार.

यावरचा उपाय आमच्या धंद्यात ओपन जॉ म्हणून ओळखला जातो. एका गावी उतरायचं, दुसऱ्या गावाहून परतीचं विमान पकडायचं, आणि मधला प्रवास आपला आपण करायचा. कागदावर काढलं तर आकार उघड्या जबड्यासारखा दिसतो, त्यावरून हे नाव. तिकीट मात्र एकच असतं आणि पीएनआर एकच. बुकिंगच्या पडद्यावर आम्ही मुंबई–रोम आणि पॅरिस–मुंबई या दोन सेक्टरच्या, म्हणजे टप्प्यांच्या, मध्ये एआरएनके ही चार अक्षरं टाकतो. त्याचा अर्थ एवढाच, की प्रवासी इथून तिथे कसा जाणार हे विमान कंपनीला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. घरबसल्या बुकिंग करणाऱ्याला हाच प्रकार मल्टि-सिटी या नावाखाली सापडतो. राउंड ट्रिप आणि वन वे यांच्या शेजारचं ते तिसरं बटण बहुतेक लोक कधीच दाबत नाहीत.

भावाने आधी नेमकी नको ती गोष्ट करून पाहिली होती. त्याने दोन वन वे तिकिटं शोधली: मुंबई–रोम ३७ हजार, पॅरिस–मुंबई ४२ हजार. बेरीज ७९ हजार. त्यावरून त्याचा समज झाला की वेगळ्या गावाहून परत येणं महागच असतं. हा गैरसमज मी इतक्यांदा पाहिला आहे की त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

लांब पल्ल्याच्या मोठ्या विमान कंपन्या जाण्या-येण्याचा मिळून एक दर ठरवतात, त्याला आम्ही परतीचा दर म्हणतो, आणि त्याचे दोन अर्धे करतात. रोमच्या परतीच्या दराचा अर्धा भाग जाण्याला, अर्धा येण्याला. एकेरी तिकिटाचा दर ही वेगळी गोष्ट. तो परतीच्या दराचा निम्मा असेलच असं नाही, अनेकदा बराच जास्त असतो. ओपन जॉ तिकीट बनतं तेव्हा यंत्रणा रोमच्या परतीच्या दराचा एक अर्धा आणि पॅरिसच्या परतीच्या दराचा एक अर्धा घेऊन जोडते. म्हणून त्याची किंमत साधारण त्या दोन परतीच्या दरांच्या मध्ये कुठेतरी येते. दोन एकेरी तिकिटांची बेरीज करणारा माणूस या अर्ध्यांपर्यंत पोचतच नाही. स्वस्त विमान कंपन्यांचं गणित निराळं आहे. तिथे प्रत्येक सेक्टर मुळातच एकेरी विकला जातो, त्यामुळे दोन वेगळी तिकिटं काढली तरी बिघडत नाही.

यासाठी एकच कंपनी दोन्ही गावांना जात असली पाहिजे. मुंबईच्या माणसाला इथे आखाती देशांच्या विमान कंपन्यांचा फार उपयोग होतो. दुबई, दोहा किंवा अबू धाबीला मधला मुक्काम ठेवून त्या युरोपच्या बहुतेक मोठ्या शहरांना जातात, म्हणजे जाताना रोमचा फाटा आणि येताना पॅरिसचा फाटा एकाच खांबाला बांधलेले असतात.

मी मल्टि-सिटीत दोन्ही सेक्टर टाकले. माणशी ५७,५०० रुपये आले. राउंड ट्रिपपेक्षा दोघांचे मिळून ११ हजार जास्त, आणि वाचणार होते २१ हजार आणि एक अख्खा दिवस. भावाने लगेच विचारलं, "उलटं केलं तर?"

हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा. उलटं, म्हणजे पॅरिसला उतरून रोमहून निघणं, माणशी अडीच हजारांनी स्वस्त दिसत होतं. कारण मोठ्या प्रमाणात कराचं होतं. फ्रान्सहून सुटणाऱ्या लांबच्या प्रवासावर १ मार्च २०२५ पासून इकॉनॉमीच्या प्रवाशाला ४० युरोचा कर लागतो. हा कर निघताना असतो, उतरताना नसतो. लंडनच्या बाबतीत हे आणखी ठळक दिसतं. ब्रिटनचा प्रस्थानकर मुंबईच्या अंतराला इकॉनॉमीत १ एप्रिल २०२६ पासून १०२ पौंड झाला आहे, आणि इकॉनॉमीतून जाणाऱ्या १६ वर्षांखालच्या मुलांना तो माफ आहे. लंडन आणि युरोप दोन्ही बघणाऱ्यांनी लंडनला आधी उतरून युरोपातून परत निघावं, असं मी सांगते ते यामुळे.

तरीही काकांसाठी आम्ही उलटी दिशा घेतली नाही. रोमचे दगडी रस्ते, फ्लॉरेन्समधली पायपीट, व्हेनिसच्या पुलांच्या पायऱ्या हे सगळं गुडघ्याची परीक्षा घेणारं. ते पहिल्या आठवड्यात, अंगात दम असताना उरकलेलं बरं. मे जसा पुढे सरकतो तसं रोम तापतं, तेव्हा ते आधीच पाहिलेलं चांगलं. शेवटी पॅरिसला एकाच हॉटेलात चार रात्री, सामान एकदाच उघडायचं. अडीच हजारांना हे विकत मिळत असेल तर मी ते दर वेळी घेईन.

खरेदीचाही प्रश्न होता. काकूंना लेकी-सुनांसाठी काही घ्यायचं होतं. परदेशी पाहुण्यांना खरेदीवरचा व्हॅट परत मिळतो, फ्रान्समध्ये एका दुकानात १०० युरोंहून जास्त खरेदी असेल तर, पण युरोपीय संघ सोडताना कस्टम्सकडे कागद दाखवावा लागतो. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात आहे, पण युरोपीय संघात नाही. म्हणजे फ्लॉरेन्सला घेतलेली चामड्याची पर्स आगगाडीने ल्युसर्नला नेली की ती संघाबाहेर गेली. तो शिक्का सीमेवर आगगाडीतून उतरून कोण घेत बसणार? मी काकूंना सांगितलं, इटलीत मन भरून बघा, घ्यायचं ते पॅरिसला घ्या. पॅरिसच्या विमानतळावर त्यासाठी पाब्लो नावाची यंत्रं आहेत, पावतीवरचा कोड दाखवला की काम होतं. फक्त वस्तू बघायला मागू शकतात, म्हणून बॅग चेक-इनला देण्याआधी तिथे जायचं.

दिशा ठरली, पण वार ठरायचा होता. भावाला गुरुवारी उतरणारं विमान माणशी १,८०० रुपयांनी स्वस्त दिसलं. मी वेळापत्रक काढलं. गुरुवारी उतरलं की रोमच्या तीन रात्रींनंतर रविवारी फ्लॉरेन्स, आणि फ्लॉरेन्सचा एकमेव पूर्ण दिवस सोमवार. उफीझी हे तिथलं मोठं चित्रसंग्रहालय सोमवारी बंद. मायकेलअँजेलोने घडवलेला डेव्हिडचा पुतळा जिथे आहे ती अकादमियाही सोमवारी बंद. बुधवारी उतरलं तर पूर्ण दिवस रविवारचा येतो आणि दोन्ही उघडी. पॅरिसला लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, पण तिथे चार रात्री असल्याने रविवार-सोमवार हाताशी होते. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद, आणि आमचे रोमचे दिवस होते गुरुवार-शुक्रवार. उतरण्याचं आणि निघण्याचं गाव एकच असेल आणि एक दिवस सरकला तर आपण तो गावातल्या गावात सांभाळून घेतो. उतरण्याचं आणि निघण्याचं गाव वेगळं असेल तर एक दिवस सरकला की पुढचे सगळे मुक्काम सरकतात. बुधवार पक्का केला.

यानंतर व्हिसा. या भागात लोक सर्वांत जास्त घाबरतात आणि ऐकीव माहितीवर सर्वांत जास्त विसंबतात. भावाला कुणीतरी सांगितलं होतं, की ज्या देशातून निघणार त्याच देशाकडे अर्ज करायचा. तसं नाही. शेंगेनचा अर्ज ज्या देशात मुख्य मुक्काम आहे, साधारणपणे जिथे सर्वांत जास्त दिवस आहेत, त्याच्याकडे करायचा. दिवस सारखे असतील तर ज्या देशातून शेंगेनमध्ये पहिलं पाऊल पडणार, त्याच्याकडे. निघण्याच्या गावाचा यात संबंध नाही, उतरण्याच्या गावाचा मात्र असू शकतो.

आमच्या बाबतीत तो येऊ पाहत होता. भावाच्या पहिल्या आराखड्यात इटली पाच रात्री, ल्युसर्न पाच, पॅरिस चार होत्या. रोमला उतरलो तर बरोबरी सुटून अर्ज इटलीकडे जातो. पण दिशा उलटी केली असती, तर पहिलं पाऊल फ्रान्समध्ये, आणि फ्रान्सचे दिवस सगळ्यांत कमी. खिडकीवर नुसता वाद. मी ल्युसर्नची एक रात्र काढून फ्लॉरेन्सला दिली. इटली सहा, स्वित्झर्लंड चार, फ्रान्स चार. अर्जात पहिल्या प्रवेशाचा देश आणि मुख्य मुक्कामाचा देश अशा दोन वेगळ्या नोंदी असतात. दोन्हींत इटली आलं आणि शंकेला जागा उरली नाही.

ओपन जॉ तिकीट जोडलं तर व्हिसा अडतो का, हेही मला नेहमी विचारतात. अडत नाही. अधिकाऱ्याला तारखा जुळलेल्या हव्या असतात: रोमला उतरण्याच्या दिवसापासून पॅरिस सोडण्याच्या दिवसापर्यंत प्रत्येक रात्रीचं हॉटेल, आणि मधल्या प्रवासाचा काही माग. आम्ही व्हेनिस–ल्युसर्न आणि ल्युसर्न–पॅरिस आगगाड्यांचं वेळापत्रक जोडलं. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सगळ्या दिवसांचा हवाच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. मे महिन्यात गर्दी असते म्हणून आम्ही मार्चच्या सुरुवातीलाच दिला.

तिकीट व्हिसाच्या आधीच काढायचं होतं, म्हणून आम्ही थोडे पैसे जास्त मोजले. सर्वांत स्वस्त दरात रद्द केल्यास काहीच परत मिळत नव्हतं. त्याच्या वरच्या दरात दंड कापून परतावा होता. तो घेतला. इथे ओपन जॉची एक खुबी लक्षात ठेवायची. दोन वेगळ्या दरांचे अर्धे जोडलेले असतात, तेव्हा बदल आणि परताव्याचे नियम बहुतेक वेळा दोन्हींतले जे कडक असतील ते पूर्ण तिकिटाला लागतात. रोमचा अर्धा सैल आणि पॅरिसचा अर्धा कडक असेल, तर तिकीट कडकच समजायचं. पैसे भरण्याआधी फेअर रूल, म्हणजे दराचे नियम, दोन्ही सेक्टरचे उघडून वाचायचे.

भावाच्या एका मित्राने याच सुमारास सल्ला दिला, की स्वस्त राउंड ट्रिप काढा, परतीचं रोम–मुंबई सोडून द्या आणि पॅरिसहून वेगळं एकेरी काढा. ५२ आणि ४२ मिळून ९४ हजार होतात, हे बाजूला ठेवलं तरी मी असल्या वाटेला कुणाला जाऊ देत नाही. एका तिकिटावरचे सेक्टर क्रमानेच वापरायचे असतात. मधला किंवा पहिला सोडला की नो-शो (प्रवासी आलाच नाही अशी नोंद) लागतो आणि पुढचे सगळे रद्द होतात. शेवटचा सोडणंही कंपनीच्या अटींत बसत नाही.

व्हिसा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हातात आला. त्यानंतर काही दिवसांनी मेल आला: पॅरिसहून सुटणाऱ्या विमानाची वेळ बदलली. मधल्या विमानतळावर मुंबईचं विमान पकडायला पाऊण तास उरत होता. काकांचा गुडघा आणि तिथलं फाटकांमधलं अंतर बघता हे अशक्यच. पण दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर होती, म्हणून बदल कंपनीने केला तसा तोडगाही कंपनीनेच द्यायचा होता. मी फोन केला आणि आधीच्या विमानात जागा मागितली, मध्ये तीन तास मिळतील अशी. एक रुपयाही न घेता तिकीट रिइश्यू झालं, म्हणजे नव्याने काढून मिळालं. पॅरिस–रोम वेगळं काढलं असतं तर हा फोन कुणाला करायचा होता?

त्या रिइश्यूत एक गोष्ट गळली. काकांसाठी आम्ही व्हीलचेअर मागितली होती. नव्या विमानावर ती विनंती आपोआप गेली नाही. मुंबई–रोमवर दिसत होती, पॅरिस–मुंबईवर नव्हती. बदलानंतर मी प्रत्येक सेक्टर उघडून बघते म्हणून सापडली. जेवणाची विनंती, खुर्च्यांचे नंबर, व्हीलचेअर, बॅगेचं वजन: वेळ बदलली की या चारही गोष्टी पुन्हा तपासाव्या लागतात.

प्रवास झाला. फ्युमिचिनोहून लिओनार्दो एक्स्प्रेसने ३२ मिनिटांत टर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनला पोचले, हॉटेल स्टेशनजवळच होतं. सांगलीत सवय असल्याने पहाटे उठून काका रोमच्या रिकाम्या रस्त्यांवर फिरून आले. फ्लॉरेन्सला रविवारी सकाळी उफीझी, दुपारी डेव्हिड. व्हेनिसहून ल्युसर्नचा दिवस लांब होता, मिलानला गाडी बदलावी लागली. पण काकांच्या दृष्टीने तो सहलीचा सर्वांत मोठा दिवस ठरला. गोटहार्डच्या पायथ्याचा ५७ किलोमीटरचा बोगदा, जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा, गाडी आत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत ते घड्याळ हातात धरून बसले होते. पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला खडकात खणलेल्या वाटेचं अप्रूप वाटणारच. पुढे ल्युसर्नहून बाझेल, बाझेलहून सुमारे तीन तासांत पॅरिस.

शेवटचा मंगळवार, म्हणजे मूळ तिकिटावर जो दिवस बोव्हे आणि चाम्पिनोच्या रांगांत जाणार होता, तो त्यांनी लक्झेम्बर्ग बागेत हिरव्या लोखंडी खुर्च्यांवर बसून घालवला. काकूंनी हॉटेलातल्या न्याहारीचा ब्रेड बरोबर नेला होता आणि सांगलीहून आणलेली शेंगदाण्याची चटणी तोवर शिल्लक होती. बुधवारी पाब्लोच्या यंत्रावर तीन पावत्या दाखवून झाल्या, मग बॅगा दिल्या, व्हीलचेअर दारात उभी होती.

आता भावाला स्वतःला जपानला जायचं आहे. परवा त्याने पाठवलेल्या आराखड्यात टोकियोला उतरून ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळाहून निघणं त्यानेच घातलं होतं. कारणही लिहिलं होतं: सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून ५० हजार येनवर गेला, आणि टोकियो–क्योटो एकदाच जायचं असेल तर बुलेट ट्रेनचं सुटं तिकीट सुमारे १४ हजार येनचं आहे. मी त्याला एवढंच विचारलं, की उलट्या दिशेचा दर बघितलास का. त्याने दोन्ही दिशांचे दर काढून ठेवले होते, आणि दोन्ही सेक्टरचे फेअर रूलही.